गाडीचे टायर बदलायचेत, पण ऐकायचं कुणाचं?

पत्र: दादा, नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. डिझायर आहे, 2019 च्या सुरुवातीला घेतलेली, 51 हजार किलोमीटर झालेत, टायर गाडीबरोबर आलेलेच. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतात, आठवडाभर गाडी मीच चालवते. मुलांची शाळा, क्लास, आणि महिन्यातून दोनदा सासरी मेढ्याच्या पुढं गावाला, शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. गेल्या पावसाळ्यात कासवरनं येताना यवतेश्वरच्या घाटात पुढच्या गाडीनं अचानक ब्रेक मारला, मीही मारला, पायाखाली ब्रेक थडथडला आणि गाडी घसरतच गेली, हातभर अंतर राहिलं. मागं मुलगी आणि सासूबाई होत्या. तेव्हापासून मी टायर बदलूया म्हणतेय. मिस्टर म्हणतात नक्षी आहे अजून, फार तर पुढचे दोन बदलू. दीर म्हणतात स्टेपनी कोरी आहे ती लावा आणि तीनच घ्या, नाहीतर रिमोल्ड करा. टायरवाला म्हणतो 185/65 चे रुंद टाका, भारी दिसतात. दुसऱ्या एका दुकानात जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय. घरात सगळे म्हणतात तुला गाडीतलं काय कळतंय. मी नक्की काय घेऊ? आणि सासऱ्यांना जुने टायर गावाला हवेत मुलांच्या झोक्यासाठी, ते देऊ का? टायरचे फोटो जोडलेत.

उत्तर:

ताई, नमस्कार. पहिली गोष्ट म्हणजे गाडीतलं तुम्हाला बरोबर कळतंय. घाटात गाडी घसरली तेव्हा स्टिअरिंग तुमच्या हातात होतं, त्यामुळं या विषयात घरातल्या बाकी कुणाहीपेक्षा तुमचं म्हणणं वजनदार आहे. चारही टायर बदला, आणि जूनच्या आधी बदला.

तुम्ही लिहिलंय ना की पायाखाली ब्रेक थडथडला, मी ती ओळ दोनदा वाचली. ते एबीएस काम करत होतं. चाक जाम व्हायला लागलं की एबीएस ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं, आणि ते पायाला थडथड असं लागतं. म्हणजे तुमचे ब्रेक ठीक आहेत, तुम्ही ब्रेकही वेळेवर मारलाय, पण खाली रबराला पकडच नव्हती. एबीएस चाक फक्त फिरतं ठेवतं, स्टिअरिंग हातात ठेवतं, रस्त्याला धरायचं काम टायरचंच. एवढी मोठी गाडी, आत चार-पाच माणसं, आणि जमिनीला टेकलेलं काय असतं तर प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढं रबर, बस. चार तळहात. मी साताऱ्यात बरीच वर्षं अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणायच्या, मशीनवर काढलीत, रोज गाड्या वर चढवल्या, उतरवल्या, आणि माझं पक्कं मत झालंय की लोक सीट कव्हरला जेवढा वेळ देतात तेवढा टायरला देत नाहीत.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, नक्षी आहे अजून. घरच्या घरी बघा. काडेपेटीतली एक काडी घ्या, गुल नसलेलं टोक टायरच्या खाचेत तळाला टेकेपर्यंत उभं घाला, जिथं टायरचा वरचा भाग लागतो तिथं नखानं खूण करा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. नवीन कारच्या टायरला ही खाच साधारण सात-आठ मिलीमीटर खोल असते. आपल्याकडं कायद्यानं कमीत कमी 1.6 मिलीमीटर लागते, आणि तेवढीच उंची असलेले छोटे उंचवटे कंपनी खाचेच्या तळात देते, टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो त्याच्या सरळ रेषेत खाचेत बोट फिरवलं की लागतात. नक्षी त्या उंचवट्याला येऊन टेकली की टायर संपला. पण 1.6 हा अगदी शेवटचा आकडा आहे. कोरड्या रस्त्यावर गाडी तेवढ्यावर चालेलही, पावसात खाचेचं काम असतं पाणी बाजूला काढायचं, आणि खाच उथळ झाली की पाणी जायला जागाच राहत नाही, मग टायर रस्त्यावर टेकायच्या ऐवजी पाण्यावर तरंगतो. मेढ्याकडं, कासकडं जून ते सप्टेंबर रस्ता वाळतच नाही, तिथं येणंजाणं असलेल्या माणसानं माझ्या मते तीन मिलीमीटरलाच टायर उतरवावेत.

तुमच्या फोटोत मागचे टायर चारच्या आसपास दिसतायत, पुढचे अडीचच्या खाली. पुढचे जास्त घासणारच, कारण तुमच्या गाडीत ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचं जास्तीचं काम पुढचीच चाकं करतात. मागच्यांची नक्षी बघून मिस्टर म्हणत असतील की हे चांगलेत, आणि नुसती खोली बघितली तर ते चूक नाहीत. पण तिसरा फोटो झूम करून दाखवा त्यांना. खाचेच्या तळाला केसासारख्या बारीक चिरा दिसतायत, सगळ्या एका दिशेला. आणि टायरच्या कडेला डीओटीनं सुरू होणारी जी अक्षरं-आकड्यांची ओळ आहे तिच्या शेवटी चार आकडे आहेत, 4618. म्हणजे 2018 सालचा 46 वा आठवडा, नोव्हेंबरचा मध्य. सात वर्षं झाली. रबर वापरलं तरी म्हातारं होतं आणि उभं राहिलं तरी होतं, ऊन, हवा, उष्णता यानं त्यातला मऊपणा जातो, आणि मऊपणा गेला की नक्षी कितीही खोल असू द्या ओल्या डांबराला ते धरत नाही. खोडरबर कंपासपेटीत दोन वर्षं पडून राहिलं की कसं कडक होतं आणि खोडायच्या ऐवजी कागद फाडतं, तसंच. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी नीट तपासून घ्यायचा असतो आणि दहा वर्षांच्या पुढं तर नक्षी नवी असली तरी वापरायचा नसतो, असं कंपन्या सांगतात. आपल्याकडचं ऊन आणि रस्ते बघता मी दहाची वाट अजिबात बघणार नाही, चिरा दिसल्या की विषय संपला.

इथंच तुमच्या दिरांच्या स्टेपनीचंही उत्तर आलं बघा. स्टेपनी कोरी दिसते पण तिचं वय तेवढंच आहे, सात वर्षं डिकीत उन्हानं तापलेली. एका बाजूला नवं मऊ रबर आणि दुसऱ्या बाजूला कडक झालेलं जुनं, असं एकाच एक्सलला, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, बसवलं की पावसात जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ती स्टेपनीच राहू द्या, पंक्चर झालं तर दुकानापर्यंत जायला. तिच्यात हवा मात्र आहे का बघा, दहातल्या आठ गाड्यांची स्टेपनी मी उघडून बघितली की बसलेली असायची.

रिमोल्डचं दीर सांगतायत ते ट्रकवाल्यांकडनं ऐकलं असणार. ट्रकचे, एसटीचे टायर रिमोल्ड होतात, पण त्यांचा मूळ सांगाडाच परत नक्षी चढवता येईल असा मजबूत बनवलेला असतो. सात वर्षं जुन्या, चिरा गेलेल्या कारच्या टायरवर नवा पट्टा चिकटवून त्यावर घरची माणसं बसवायची नाहीत. यावर जास्त लिहीत नाही.

दोन की चार, हा खरा वादाचा मुद्दा, कारण पैशाचा आहे. तुमच्या गाडीला चार लागतात, कारण चारही एकाच वयाचे आहेत. तरीही समजा या महिन्यात दोनचेच पैसे निघतायत, तर दोन घ्या आणि ते मागं बसवा. हो, मागं. टायरवाला म्हणेल पुढं लावा, ओढणारी चाकं पुढची आहेत, मिस्टरही तेच म्हणतील आणि ऐकायला ते पटतंही. पण यवतेश्वरचा उतार आठवा. उतारावर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यात वळण, त्यात पाणी. पुढचं चाक घसरलं तर गाडी वळायची सोडून सरळ जायला बघते, तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता आणि ती बऱ्याचदा सावरते. मागचं चाक घसरलं तर गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं, गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं रोज गाडी चालवणाऱ्या चांगल्या ड्रायव्हरलाही जमत नाही. म्हणून चांगली पकड मागं. राहिलेले मागचे जुने पुढं घ्या, आत्ताचे पुढचे काढून टाका, आणि उरलेले दोन नवीन पावसाच्या आधी घ्याच, दिवाळीवर ढकलू नका.

आता रुंद टायर. तुमच्या टायरवर 165/80 आर 14 85 टी असं लिहिलंय. 165 म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, 80 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, 14 म्हणजे रिम 14 इंचाची. 85 हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर 515 किलो पेलतो, आणि टी म्हणजे ताशी 190 पर्यंतच्या वेगासाठी. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर जो स्टिकर असतो त्यावर हाच साईझ आणि हवेचे आकडे असतात, दुकानात जायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. टायरवाला तुम्हाला 185/65 आर 14 सांगतोय, मी हिशोब करून बघितला. तुमच्या आत्ताच्या टायरची एकूण उंची साधारण 620 मिलीमीटर भरते, तो सांगतोय त्याची 596. म्हणजे चाक जवळजवळ चार टक्के लहान होणार. त्यानं काय होईल तर गाडी बारा मिलीमीटर खाली बसेल, आधीच पाच माणसं बसली की डिझायरचं पोट स्पीडब्रेकरला लागतं आणि तुमचा शेवटचा दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे. वर स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी 96 नंच जात असेल आणि किलोमीटरही जास्त पडतील. भिंत बुटकी झाली की खड्ड्याचा मार रिमला आणि सस्पेन्शनला जास्त बसतो. आणि जास्त रुंद टायरला साचलेल्या पाण्यातनं वाट काढायला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे ज्या भीतीपायी तुम्ही टायर बदलताय तीच वाढली. कंपनीनं दिलेला साईझ आहे तोच घ्या. त्यातला 85 हा वजनाचा आकडा आणि टी हे वेगाचं अक्षर कमी होता कामा नये, वरचं मिळालं तर चालतं.

जुन्या स्टॉकचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी या धंद्यात नवीन असताना, वडिलांच्या गाडीला दोन टायर घेतले, एका दुकानदारानं ओळखीत म्हणून स्वस्तात दिले, चकचकीत काळे, रबराचे बारीक केस तसेच, कोण म्हणेल जुने म्हणून. तारीख बघायची असते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात गाडी धुताना बोट लागलं तर खाचेच्या तळाला चिरा, मग आकडे वाचले तर विकत घेतले तेव्हाच ते साडेतीन वर्षांचे होते. त्याच टायरवर आम्ही सगळे खंबाटकी उतरून पुण्याला जाऊन आलो होतो, ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून कळवळून सांगतो, टायर रिमवर चढवायच्या आधी चारही टायरचे चार-चार आकडे स्वतः वाचा. मोबाईलची बॅटरी लावा, टायर फिरवा, कारण पूर्ण ओळ एकाच बाजूला असते आणि कधीकधी ती आतल्या बाजूला जाते. सहा महिन्यांच्या आतले मिळाले तर उत्तम, वर्षाच्या आतले चालतील, त्याहून जुने असतील तर कितीही कमी करू देत, नमस्कार करून निघा. आयएसआयचा मार्कही बघा, आपल्याकडं कारच्या टायरला तो सक्तीचा आहे. आणि एक, 22 सप्टेंबर 2025 पासून नवीन टायरवरचा जीएसटी 28 वरनं 18 टक्के झालाय, तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर 18 टक्केच लावलाय ना बघा आणि टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या, पुढं वॉरंटीला तेच लागतात.

कंपनी कुठली, हे तुम्ही विचारलं नाही पण दुकानात तोच प्रश्न येणार. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा, गुडइयर, तुमच्या साईझमध्ये भरपूर मिळेल. मी एकाच कंपनीचं नाव देत नाही कारण एकाच कंपनीचे दोन पॅटर्न एकमेकांपेक्षा खूप वेगळे असतात, पण चारही एकाच कंपनीचे आणि एकाच पॅटर्नचे घ्या हे नक्की. दुकानदार तुम्हाला सांगेल, ताई हा घ्या, हा सत्तर हजार चालतोय. तिथं थांबा आणि स्वतःचा हिशोब करा. तुमची गाडी सात वर्षांत 51 हजार झाली, म्हणजे वर्षाला साधारण सात हजार. चाळीस हजार चालणारा टायर घेतला तरी तो घासून संपायला पावणेसहा वर्षं लागतील, आणि तोवर वयानंच बदलायची वेळ आलेली असेल. मग सत्तर हजारवाल्याचा तुम्हाला उपयोग काय? जास्त चालणारा टायर बहुतेक वेळा कडक रबराचा असतो, आणि कडक रबर ओल्यात कमी धरतं. रोज पुणे-कोल्हापूर करणाऱ्या टॅक्सीवाल्यानं तो घ्यावा, त्याचं गणित वेगळं आहे. तुम्ही सरळ विचारा, ओल्या रस्त्यावर ग्रिप सगळ्यात चांगली कशाची, लाईफ कमी असली तरी चालेल. काही टायरवर ट्रॅक्शन असं लिहून एए, ए, बी किंवा सी असं अक्षर असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरच्या पकडीचं असतं, एए सगळ्यात वरचं. तिथंच ट्रेडवेअरचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकणारा, पण तो कंपनीच ठरवते म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून बघू नका. कच्च्या रस्त्यासाठी जाड गोट्यांचे वेगळे टायर कुणी सुचवले तर नको म्हणा, दोन किलोमीटरसाठी बाकी सगळा डांबरी रस्ता बिघडवायचा नाही.

अजून एक फोटो मला खटकला, डावीकडचा पुढचा. त्याची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लीय. हे टायरचं दुखणं नाही, अलाइनमेंट गेलंय, कदाचित खड्ड्यात आपटून चाकाला धरणारा खालचा सांधा, म्हणजे बुश किंवा बॉल जॉइंटही सैल झाला असेल. आधी ते हलवून बघायला सांगा, सैल असेल तर बदला, मग नवीन टायर, मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं, आणि शेवटी अलाइनमेंट. हा क्रम उलटा झाला तर नवीन टायर पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये असाच आतनं खाल्ला जाईल आणि तुम्ही परत मला पत्र लिहाल. व्हॉल्वही नवीन टाकून घ्या, त्याला काही फार पैसे पडत नाहीत आणि रबराचं तेही जुनंच असतं. टायरवर बाण असेल तर तो पुढं फिरायच्या दिशेनं आला पाहिजे, आणि आउटसाईड लिहिलं असेल तर ते अक्षर बाहेर दिसलं पाहिजे, घाईत पोरं उलटं बसवतात.

हवा स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, सकाळी गाडी थंड असताना, सगळी माणसं आणि सामान घेऊन गावाला जायचं असेल तर स्टिकरवर भरलेल्या गाडीचा जो वेगळा आकडा असतो तो. नायट्रोजनचा आग्रह करतील, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, दर पंधरवड्याला हवा बघत असाल तर साधी हवा पुरते. आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जरा जपून, नव्या टायरवर साच्यातनं निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत घाटात जायचं टाळा. दहा हजारला पुढचे मागं, मागचे पुढं करून घेत जा.

राहिला सासऱ्यांचा झोका. चार जुन्यातला एक द्या, तो बघा ज्याच्या कडेनं तार बाहेर आलेली नाही, हात फिरवून खात्री करा. बाकीचे दुकानातच ठेवा, काहीतरी वजावट मिळेल. झोक्याच्या टायरला खालच्या बाजूला ड्रिलनं तीन-चार मोठी भोकं पाडायला सांगा, बोट जाईल एवढी, कारण तुमच्या गावाकडं पाऊस किती पडतो तुम्हाला माहीत आहे, टायरमध्ये पाणी साचलं की डेंग्यूचा डास नेमका तिथंच अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्यातही कितीतरी महिने टिकतात. भोकं पाडून झाली की बादलीभर पाणी आत ओतून बघा, सगळं निथळलं की मग दोर बांधा.